कच्च्या टाक्यांचा पट्टा

त्या दुष्काळात गावच्या सोसायटीनं धारूरच्या घाटाखाली चारा छावणी उघडली होती. नवरा ऊसतोडीला गेलेला, म्हणून उरलेला एक बैल अन् गाय घेऊन मी आणि माझे सासरे तिथं पाल ठोकून राहिलो. सासऱ्यांना मी मामा म्हणते. आमचं कुत्रं कुणी न बोलावताच मागं मागं आलं. त्याला नाव नव्हतं. 'ये' म्हटलं की यायचं, 'हाड' म्हटलं तरी यायचं.

छावणीत मोकाट कुत्र्यांनी एक वासरू फाडलं. मग सोसायटीवाल्यांनी भोंग्यावरून सांगितलं, गळ्यात पट्टा नसेल ते कुत्रं गाडीत घालून घाटापल्याड रानात सोडणार. त्या रानात प्यायला थेंब नव्हता. सोडणं म्हणजे मारणंच की!

मामांनी लगेच गाठोड्यातून दावं काढलं. बैल विकला तरी त्याचं दावं गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, त्याच्याबरोबर घरची लक्ष्मी जाते, अशी आमच्याकडची रीत. त्याच साली विकलेल्या बैलाचं हे दावं. मामांनी ते दुहेरी करून कुत्र्याच्या गळ्यात घातलं आणि बैल बांधताना मारतात तसली पक्की गाठ मारली.

"आता सुटतंय का बघ," म्हणाले.

बैल एका जागी उभा राहतो हो, कुत्रं कुठंही घुसतं! एका दुपारी मांजरामागं पळताना त्यानं कुंपणावरून उडी मारली आणि दावं लोखंडी खांबाच्या टोकाला अडकलं. कुत्रं लोंबकळलं. मी धावत जाऊन त्याला खालून उचलून धरलं आणि "मामा, विळा आणा!" म्हणून बोंबलले. गाठ काही सुटेना. मामांचा हात क्षणभर थबकला, मग त्यांनी दावं कापलं. गळ्याभोवतीचं कातडं सोलून निघालं होतं.

माझं डोकंच फिरलं. "लई पक्की हाय तुमची लक्ष्मी, मामा! जीव गेला असता त्याचा." कापलेलं दावं मामांनी पुन्हा गाठोड्यात ठेवलं, त्याचाही मला राग आला.

गाडी अजून आली नव्हती. जखम भरत आली तशी मी धारूरच्या बाजारात गेले. दुकानदारानं जाड कातडी पट्टा पुढं टाकला. "ताई, म्हैस बांधा, तुटायचा न्हाई."

"मला तुटणारा पाहिजे."

"तुटणारा? मग घेता कावून?"

त्याला काय सांगत बसू! तशीच परत आले. जुन्या लुगड्याचा लाल काठ फाडला, कुत्र्याच्या गळ्यात आत दोन बोटं जातील एवढा सैल ठेवला आणि टोकं कच्च्या दोऱ्यानं जोडली. कुठं अडकलं तर हिसक्यासरशी उसवलं पाहिजे.

मामा बघत होते. "हे काय बाई, पट्टा हाय का राखी?"

गाडी आली त्या सकाळी कुत्रं कुठं दिसेना. शोधत कुंपणापाशी गेले, तर लाल काठ तारेला लटकलेला, टाके उसवलेले. जीव वाचला होता, पण गळा आता मोकळा. पळत गाडीपाशी आले, तर कुत्रं आत, जाळीला नाक लावून उभं. मी काठ दाखवला.

सोसायटीचा माणूस म्हणाला, "चिंधी कुणीबी आणंल. पट्टा गळ्यात पाहिजे."

तेवढ्यात मामा आले. जाळीतून हात घालून त्यांनी कुत्र्याच्या मानेवरचे केस बाजूला सारले. खाली गळाभर दाव्याचा वळ होता.

"हा बघा पट्टा," मामा म्हणाले. "मीच बांधला होता. माझ्या हातानं मरत होतं ते. आमचंच हाय, सोडा त्याला."

त्या माणसानं वळाकडं बघितलं आणि कडी काढली.

दुपारी मामांनी सुई आणि तो काठ माझ्या हातात दिला. म्हणाले, "दोरा कच्चाच घे, बाई."