करपलेलं येसर

वाटूरला धाकट्या जावेच्या मुलीचं लग्न होतं. लग्नाच्या आमटीसाठी आम्ही येसर घरीच करतो. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ आणि मसाले वेगवेगळे भाजून दळायचे. भाजणं झालं की नाही, हे आमच्या घरात माझं नाक ठरवतं. कोरोनात गेलेला वास मला नुकताच परत आला होता, म्हणून कढईपाशी मीच बसले.

गहू भाजून होताच मी जावेला म्हणाले, "करपले. गुरांपुढं टाक."

"न्हाई ओ ताई, बराबर हायेत. रंग तर बघा."

"रंगाचं काय घेऊन बसलीस? वास येत न्हाई का तुला?"

तिने गहू सुपात ओतून बाहेर नेले. बाजरीही मी टाकायला लावली. मग तिने चहा आणला. चहा करपलेला. हात धुतले, तर साबणही करपलेला. पदर नाकाला लावला, तोही तसाच. तेव्हा कळलं, जळकं माझ्या नाकातच आहे. आपल्याच नाकापासून उठून जाणार कुठे?

"तूच भाज आता," मी झारा तिच्या हातात दिला. "मला काही विचारू नको."

लग्नात जाऊ स्वतः वाढायला आली. "ताई, कशी झाली आमटी?"

मी एक घास कसाबसा गिळला आणि पंगतीकडे पाहिलं. "लोक मागून घेऊन राह्यलेत. मंग चांगलीच असंल."

ती खूश झाली आणि तिने माझी वाटी पुन्हा काठोकाठ भरली.