अंगठी काढून ठेवणारे काका

नौपाड्यातले घड्याळवाले काका कुणाचंही घड्याळ हाती घेण्याआधी स्वतःची अंगठी काढून ठेवतात. रोज वापरायच्या माझ्या महागड्या घड्याळावरचे ओरखडे घालवायला मी घरीच टूथपेस्ट घासली आणि बारीक रेषांच्या मंद पोलादी पट्ट्यावर चकचकीत डाग पडला. दुकानात काकांनी ते घड्याळ नाकाशी नेलं.

"दात घासलेत वाटतं याचे?"

मी ओशाळलो. पट्ट्याच्या रेषांच्या दिशेने हळुवार घासत त्यांनी डाग घालवला. एक खोल ओरखडा मात्र तसाच ठेवला.

"हा काढायचा तर पोलाद खरवडावं लागेल. कशाला? वापरा हो बिनधास्त!"

बाबा गवंडी. त्यांच्या खरखरीत हातांच्या धास्तीने मी त्यांना ते घड्याळ कधी घालू दिलं नव्हतं. त्या संध्याकाळी मीच त्यांच्या मनगटावर चढवलं.