शुद्ध मराठीची धास्ती

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात आमच्या सरांइतका भित्रा माणूस शोधूनही सापडायचा नाही. ज्या मुलखात लहान पोरगंसुद्धा "कुणाच्या बापाला भीत न्हाय" म्हणत रांगायला लागतं, तिथे हा उंचापुरा, भरघोस मिशांचा माणूस कशाकशाला भीत असे याची मोजदाद मी कधीच सोडून दिली होती. पालीला भीत, गच्चीला भीत, उतू जाणाऱ्या दुधाला भीत, वरातीतल्या फटाक्यांना भीत. रस्त्यात बसलेल्या म्हशीला भीत, आणि ती उठलीच तर उठलेल्या म्हशीला जास्त भीत. आता अशा माणसाला विद्यापीठानं काम कुठलं द्यावं? तर विद्यार्थ्यांची भांडणं मिटवण्याचं. आमच्या कक्षाच्या दारावरचं नाव लांबलचक होतं, शिस्त, तक्रार, निवारण असे सगळे वजनदार शब्द त्यात होते. पोरं मात्र त्याला सरळ "भांडणखातं" म्हणत. सर त्या खात्याचे मुख्य आणि मी त्यांच्या हाताखालची. सर मूळचे भूगोलाचे. त्यांना इथे कुणी आणून बसवलं असं मी एकदा विचारलं, तर कळलं की वर कुणीतरी म्हणालं होतं, माणूस उंच आहे, मिशा आहेत, पोरं दबतील. मिशा बघून घेतलेले निर्णय असेच निघतात.

सर रुजू झाले तेव्हा टेबलावर काचेचा पेपरवेट होता. तो आधी कपाटात गेला. "मॅडम, ह्यो कुणीबी उचलून हाणंल." मग स्टेपलर गेला, मग फुलदाणी, मग काचेचे ग्लास. शेवटी टेबलावर फक्त सरांचे दोन हात उरले. खुर्च्यासुद्धा उचलून मारता येतात हे ध्यानात आल्यावर त्यांनी कुठल्याशा जुन्या वर्गातला सागवानी बाक मागवला. तो आत आणताना आमच्या शिपायाची कंबर धरली. मी विचारलं, "सर, इतका जड कशाला?" तर म्हणाले, "ह्यो उचलून मारायचा तर चार मानसं पायजेत. आनि चार मानसं एका इचाराची झाली तर भांडन कशाला ऱ्हातंय?" त्यांची स्वतःची खुर्ची दाराला अगदी चिकटून असे. नव्या कुलसचिवांना ती मांडणी फार आवडली. भांडखोरांची वाट अडवून बसणारा धाडसी माणूस म्हणून त्यांनी मीटिंगमध्ये सरांचं कौतुकही केलं. ती वाट कुणाच्या सोयीसाठी होती हे फक्त मला ठाऊक होतं.

ती वाट एकदा कामी आलीच. तालमीतली दोन पोरं वसतिगृहातल्या गरम पाण्यावरून एकमेकांच्या उरावर बसली होती. आमच्यासमोर समजूत निघायच्या ऐवजी दोघांनी पुन्हा एकमेकांची गचांडी धरली. मी ओरडायला तोंड उघडते तोवर सरांची खुर्ची रिकामी! दोघं पैलवान थबकले. न्याय करणाराच पळाल्यावर भांडायचं कुणासमोर? एकानं मला विचारलं, "सरास्नी काय झालं ओ?" शोधता शोधता सर कँटीनमागच्या हौदापाशी सापडले, घामाघूम, छातीवर हात धरून. एक जण वही घेऊन वारा घालायला लागला, दुसरा पाणी आणायला धावला. "सर, भिऊ नगासा. आमी मिटवतो की. त्यो आदी आंघूळ करंल, मी मागनं करतो." मिटलं ते कायमचं मिटलं. पुढे सर समोरून येताना दिसले की ते दोघं मुद्दाम एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालत, सरांना धीर यावा म्हणून. आमचं सगळं खातंच असं चालायचं. सर भ्यायचे, पोरं त्यांना सांभाळायची, आणि सांभाळण्याच्या नादात भांडण कुठल्या कुठे जायचं.

पण ही सगळी भीती म्हणजे चिल्लर. सरांचा बंदा रुपया निराळाच होता. जिथे आरडाओरडा असे, शिव्यांची लाखोली असे, तिथे सर हळूहळू सैलावत. एकदा दोन मुलींनी एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार चालवला होता. मी कानांवर हात ठेवायच्या बेतात, आणि सर पाय लांब करून चहा सांगतायत! उलट एखादा मुलगा "माझा कोणावरही राग नाही" असं स्वच्छ बोलला की सरांच्या कपाळावर घाम. मी चिडलेच एकदा. म्हटलं, "पोरगा चांगलं बोलतोय, तर तुम्हाला काय होतंय?" सरांनी दार लोटलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "मॅडम, आपल्याकडं मानूस रागानं बोलला तरी हाय-न्हायच बोलतो, मायेनं बोलला तरी हाय-न्हायच. त्यो 'आहे-नाही' कराय लागला की समजायचं, आतनं कडी घातलीया." आणि पुराव्यादाखल त्यांनी स्वतःचं घर उघडं केलं. "आमची मंडळी रोज वराडती, येतासा काय जेवाय, का ताट कुत्र्याफुडं ठिऊ? मी खुशीत जेवतो. ज्या दिशी ती म्हनती 'जेवण तयार आहे', त्या दिशी मी आदी माफी मागतो, आनि मग कारन इचारतो." मी पोट धरून हसले. भूगोलाच्या माणसानं व्याकरणात लुडबुड केली की असं होतं, असं मला वाटलं.

मग नेसरीकडच्या त्या मुलाचं प्रकरण आलं. त्याचा खोलीतला सोबती गारगोटीचा. दोघांची नावं आमच्याकडे कुणी घेतच नसे. एक नेसरीकर, दुसरा गारगोटीकर. पहिल्या वर्षापासून एका खोलीत राहिलेले, एका ताटात जेवलेले. गारगोटीकर बोलका आणि टवाळ, नेसरीकर कामापुरता बोलणारा. एके दिवशी नेसरीकर खोलीत आईशी फोनवर बोलत होता. त्यांच्या घरात कन्नडचा शेजार मुरलेला, आईला अव्वा म्हणतात. "अव्वा, मला हितं करमंना गं," म्हणता म्हणता त्याचा आवाज फुटला आणि तो रडायला लागला. गारगोटीकरानं पलंगावर पडल्या पडल्या त्याचा व्हिडिओ काढला आणि वसतिगृहाच्या ग्रुपवर टाकला. गंमत म्हणून. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये आमटी वाढणारासुद्धा "करमंना गं" म्हणाला. नेसरीकर जिन्यावरून उतरला की वरून कुणीतरी "अव्वाऽ" अशी हाळी देई आणि सगळा मजला हसे. रेक्टरनी प्रकरण आमच्याकडे पाठवलं.

आमच्या समितीची बैठक दृष्ट लागावी अशी झाली. गारगोटीकरानं रडून कान धरले, व्हिडिओ सगळ्यांसमोर पुसून टाकला. नेसरीकर पाठ ताठ ठेवून ऐकत होता. सगळ्यांचं झाल्यावर तो म्हणाला, "माझी आता कोणाबद्दलही तक्रार नाही. आपण सर्वांनी माझ्यासाठी वेळ दिलात, त्याबद्दल मी आभारी आहे." समितीवरच्या ज्येष्ठ बाई भारावून गेल्या. किती सुसंस्कृत मुलगा, म्हणाल्या. हातात हात दिले गेले, प्रकरण मिटलं असं लिहिलं गेलं, मंडळी उठली. मी सरांकडे पाहिलं तर चेहरा पांढराफटक.

"मॅडम, पोरगं 'आभारी' म्हनालं."

"मग? चांगलं झालं की."

"नेसरीचं पोरगं, मॅडम! आनि आभारी!"

त्या दुपारी सरांनी डबा उघडला आणि तसाच झाकला. खिडकीपाशी गेले, परत आले, परत गेले. शेवटी म्हणाले, "जाऊन बघू या. मला एकट्याला भ्या वाटालंय." मी थोडी कुरकुरले, पण निघाले. वसतिगृहात खोलीचं दार उघडं होतं. नेसरीकराच्या पलंगावर गादीची वळकटी नीट बांधून ठेवलेली, पुस्तकं दुसऱ्याच्या टेबलावर रचलेली, आणि गारगोटीकर एकटाच जमिनीवर बसलेला. "कुठं हाय त्यो?" सरांनी विचारलं. "भाईर गेलाय, सर. जाताना मला म्हनला, माझी सायकल आता तुम्हीच वापरा. मला 'तुम्ही' म्हनला, सर! शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं."

आता हसायला मला सुचलं नाही. फोन लावला तर बंद. रेक्टरना सांगितलं, ते स्टँडकडे माणूस पाठवतो म्हणाले. "कुठं जातोय एरवी?" सरांनी विचारलं. पोरगा म्हणाला, "कळंब्याला." कोल्हापुरात कळंबा म्हटलं की आधी जेल डोळ्यासमोर येतं. सर म्हणाले, "जेलाकडं?" तो म्हणाला, "न्हाय सर. तलावावर." जेल असतं तर किती बरं झालं असतं, असं त्या क्षणी आम्हा दोघांनाही वाटलं. सरांच्या स्कूटरला एरवी बैलगाडीही मागे टाकून जात असे. त्या दिवशी मी मागे बसून डोळे मिटून घेतले होते. पुढे गारगोटीकराची मोटरसायकल, मागे आम्ही, आणि सर वाटेत सारखे एकच वाक्य बोलत होते, "असूं दे रं बाबा, असूं दे तिथं." तिथं असावा की नसावा, नक्की काय मागावं, हे मला कळत नव्हतं.

तो तिथेच होता. बांधाच्या खाली, अगदी पाण्यालगतच्या दगडावर बसलेला. आम्हाला पाहून उठला आणि म्हणाला, "आपण एवढा त्रास का घेतलात?" इतकं नीट, इतकं गार बोलणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मी बांधावरच थिजले. बादलीत वाकून बघायला भिणारे आमचे सर मात्र बुडावर घसरत घसरत ते दगड उतरायला लागले. खाली पोचून त्यांनी धापा टाकत विचारलं, "लेकरा, मला लई भ्या वाटालंय. तू जिवाचं काय बरंवाईट करनार हाईस काय?" असला प्रश्न कुणी उघड विचारतं का, असं मला वाटलं. पोरगा पाण्याकडे बघतच म्हणाला, "तसे काही नाही, सर." ते "नाही" ऐकून सर आणखी एक पाऊल पुढे सरकले, दगडावर शेवाळ होतं, आणि त्यांचा पाय सटकन गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. त्यांनी जी आरोळी ठोकली ती पलीकडच्या काठावर म्हशी धुणाऱ्यांनीही ऐकली. नेसरीकरानं झडप घालून त्यांचा दंड धरला, सरांनी त्याचं मनगट आवळलं, आणि तो मान वर करून बांधावरच्या मित्रावर गरजला, "आरं ए बैला! ह्या म्हाताऱ्याला कशाला आनलंस रं हितं? बुडला असता की! हुबा काय ऱ्हायलाईस मुडद्या, ये खाली, धर त्यास्नी!"

सर गुडघाभर पाण्यात उभे राहून रडायला लागले. "दे, लेकरा, आजून दे शिव्या!" पोरानं त्या दिल्या. गारगोटीकर खाली येऊन हात जोडून उभा राहिला आणि एकेक शिवी मान हलवून घेत राहिला. शिव्या संपल्या तेव्हा नेसरीकर सरांच्या छातीवर डोकं टेकून हुंदके द्यायला लागला. "मला हसली असती तर चाललं असतं, सर. माझ्या अव्वाला हसली वो सगळी." तो तिथे नेमका कशासाठी बसला होता, हे त्यानं नंतर डॉक्टरांना सांगितलं. आम्ही ते कुणाला सांगत नाही.

पुढे विद्यापीठात बोलबाला झाला की सरांनी मुद्दाम पाय घसरवला, केवढी ही युक्ती! युक्ती कसली डोंबलाची. पोराच्या मनगटावर सरांच्या बोटांचे वळ मी पाहिले आहेत. इतक्या जोरात माणूस फक्त खरं भिऊनच धरतो. प्रकरण पुन्हा उघडलं गेलं. गारगोटीकराला सरांनी एकच शिक्षा सांगितली, मित्राला घेऊन नेसरीला जा आणि अव्वापुढं बसून आपल्या तोंडानं सगळं सांग. पोरगा गयावया करायला लागला, काढून टाका, नापास करा, पण अव्वापुढं नगा. गेला शेवटी. अव्वानं सगळं ऐकून घेतलं, त्याला दारात उभं करून जन्माची झडती घेतली आणि मग आत बोलावून भाकरी वाढली. नेसरीकर महिनाभर घरीच राहिला, डॉक्टरांकडे जात राहिला, आणि परत आला. खोली त्यानं बदलली नाही.

सर आता निवृत्त झालेत. त्यांचं काम माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो, हल्ली आवाज जरा बारीक झालाय. "कोन भांडलं काय आज?" भांडलं असेल तर ते सगळं खोदून विचारतात, कोण काय म्हणालं, कुठली शिवी दिली, आणि खूश होतात. एखाद्या दिवशी कुणीच आलं नाही म्हटलं की ते धास्तावून विचारतात, "गप हाईत व्हय सगळी?" त्यांची मंडळी मला म्हणाल्या, असल्या दिवशी रात्रभर ह्यांचा डोळ्याला डोळा लागत न्हाय. परक्या पोरांसाठी इतकं भ्यायला माणसात किती माया लागत असेल! त्यांची फार आठवण येते मला. काल दिवसभरात आमच्या दारात एकही माणूस फिरकला नाही. मी सरांना खोटंच सांगितलं, मेसमध्ये ताटं फेकली सर, आयमाय काढली, सगळा मजला भांडालाय. "मग झ्याक हाय," म्हणून त्यांनी समाधानानं फोन ठेवला. मला मात्र त्यानंतर घरी जाववेना.