पाच सेकंदांची शांतता

लेकीने एकोणीस वर्षं रेडिओवर सकाळचा थेट कार्यक्रम चालवला. आज तिचा शेवटचा दिवस होता. "मीच सोडतेय आई, कंटाळा आला," असं ती म्हणाली होती. पण अंगात ताप असतानाही रजा न घेणाऱ्या पोरीला अचानक कंटाळा येतो, हे आईच्या गळी उतरेना. कुठेतरी पाणी मुरत होतं.

शेवटी तिने कार्यक्रमाचाच नंबर फिरवला. फोन घेणाऱ्याला "जुनी श्रोता" एवढंच सांगितलं आणि कार्यक्रम चालू असताना सरळ विचारलं, "ताई, तुम्ही सोडताय की तुम्हाला काढलंय?"

माइकवर दोन सेकंदांच्या वर शांतता म्हणजे निवेदकाची नाचक्की, असं लेकच नेहमी सांगायची. आईने भिंतीवरच्या घड्याळात पाच सेकंद मोजले. तिला उत्तर तिथेच मिळालं.

"मीच सोडतेय," आवाज हसरा होता. "आणि श्रोतेबाई, रक्तदाबाची गोळी घेतलीत का?"

दुपारी लेक आपला कप आणि हेडफोन पिशवीत घालून घरी आली आणि नजर चुकवत चपला काढू लागली. आईने ओठांवर आलेला प्रश्न गिळला.

"बरं झालं सोडलंस," ती म्हणाली. "हात धू, वाढते."