गंगूआजीचा कडबा

"नाक घास," पाटील म्हणाले.

चावडीच्या पायरीखाली धुळीत मी उभा होतो. वय तेरा. वर कट्ट्यावर गावातली मोठी माणसं. माझा बाप टोपी हातात धरून कडुलिंबाखाली मान खाली घालून उभा.

गुन्हा खरा होता. आटपाडीकडचं आमचं गाव. बहात्तरचा मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. शाळा बुडवून मी आणि पाटलांच्या पोरानं गंगूआजीच्या बांधाला आगटी पेटवली, हुरडा भाजून खाल्ला आणि निखारे तसेच टाकून ओढ्याला गेलो. वारा सुटला. तिची कडब्याची गंजी जळाली. एकट्या विधवा बाईची होती नव्हती ती सगळी वैरण. आमच्या भागात गंजी जळाली की जनावर दावणीला टिकत नाही. भुकेनं तिची म्हैस रेकायची ते आमच्या वस्तीपर्यंत ऐकू यायचं.

पाटलांच्या पोराचा निवाडा लगेच झाला. पायरीच्या कडेला बसलेल्या गंगूआजीच्या तो पाया पडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पोरगंच ते, चुकायचंच, असं म्हणत सगळे हसले. तो घरी जेवायला गेला.

मग मीही तिच्या पायांशी वाकलो. मनापासून. तेवढ्यात कट्ट्यावरून कुणीतरी म्हणालं, "लांबनं रं." आणि गंगूआजीनं पाय लुगड्यात ओढून घेतले. मुद्दाम नाही, सवयीनं. तेच जास्त लागलं. आम्ही बौद्ध होऊन वीस वर्षं होत आली होती, पण तिच्या पायांना ते ठाऊक नव्हतं. ज्याचं नुकसान केलं त्याची माफीसुद्धा मला शिवता येणार नव्हती. माझ्या वाट्याला फक्त पायरी.

"जाळलंय ते आजीचं," मी म्हणालो. "आजीच्या पाया पडतो. तिच्या म्हशीला रोज वैरण आणतो. चावडीम्होरं नाक घासणार न्हाई."

थोबाडीत बसली. बापाचीच. मारताना तो रडत होता. "नाक घासत न्हाई तर पोलिसात द्या ह्याला," पाटील म्हणाले.

गंगूआजी उठली. "आवं, कडबा माझा जळलाय. मला कुणी इचारताय का? पोराला हितंच ऱ्हाऊ द्या. ह्यो वैरण आणंल, म्हस तरी जगंल."

तिला गप्प बसवलं. पोलिसांच्या कागदावर एकच नाव चढलं, माझं. सांगलीच्या रिमांड होममध्ये मी फरशा पुसल्या, सुतळ्या वळल्या, मार खाल्ला. त्यातून कडब्याची एक काडीही गंगूआजीच्या दावणीला गेली नाही.

सुटून आलो तेव्हा दावण रिकामी होती. म्हैस तिनं बाजारात विकली होती.

"तुला न्हेऊन माझं काय भागलं रं?" ती म्हणाली.

मी दावण झाडून काढली.

त्या सुगीला मी ज्वारी काढायला गेलो आणि मजुरी कडब्याच्या पेंढ्यांत मागून घेतली. त्या डोक्यावर घेऊन चावडीवरून जायचो. म्हैस आता येणार नव्हती, ते मला कळत होतं. तरी तिच्या बांधाला गंजी रचत गेलो.

एकदा पाटलांनी हटकलं. "शिक्षा भोगून आलास न्हवं? मग आता ह्ये कशाला?"

पेंढ्या खाली न ठेवताच मी म्हणालो, "ती तुमची हुती. ही आजीची हाय."

केलेलं मी भरीन. पण जाब देईन तो ज्याचं जळलं त्यालाच. चावडीला नाही, कधीच नाही.