खळीचा डबा आणि पांढरं बेसिन

बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या तमाम नागरिकांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, सर्जनशीलता नावाची जी वस्तू पुष्कळ दिवसांपासून बेपत्ता होती, ती शेळगावच्या शिवारात, द्राक्षाच्या शेडमध्ये, तीन दिवस नासलेल्या खळीच्या डब्यात सापडली. ओळख पटवायला मी स्वतः हजर होते. पुढचा मजकूर नाक धरून वाचावा.

मी बारामतीच्या एका शाळेत शिकवते आणि रविवारी मुलांकडून कागदाच्या वस्तू करून घेते. एका कागदाला सात घड्या घालायच्या, मधोमध एकच काप द्यायचा, की आठ पानांची पुस्तिका तयार होते. मग चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीवर लिहिलेल्या विषयाची एकेक ओळ एकेका पानावर लिहायची. नाव घालायचं नाही. शेवटी सगळ्या पुस्तिका तारेवर टांगायच्या आणि पाहुण्यानं त्यातली एक काढून मोठ्यानं वाचायची. इतकाच माझा कार्यक्रम. शेळगावच्या वहिनीनं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बायकोनं, हे ऐकलं आणि फोन केला, "वन्सं, पोरांचं ऱ्हाऊ द्या. आमच्या महिला मंडळातल्या बायकांचं घ्या की एकदा."

फेब्रुवारी सरत आला होता. रविवारी सकाळी सकाळी मी दादाच्या घरी पोहोचले आणि तोंड धुवायला बेसिनकडे वळले, तशी वहिनी ब्रश घेऊन आडवी आली. "थांबा वन्सं, दोनच मिनिटं."

पण मी पाहिलं होतं. माझा दादा मनाने लोण्यासारखा, दारात आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय सोडणार नाही. पण उठल्यापासून झोपेपर्यंत त्याच्या गालात तंबाखू-सुपारीचा मावा असतो, आणि तो मावा जिथं संपतो ते ठिकाण म्हणजे वहिनीनं हौसेनं बसवलेलं पांढरं बेसिन. तांबूस ओघळ, त्यावर सुपारीचा चोथा, नळाच्या तोटीवर शिंतोडे. माझ्या पोटात चहा नव्हता हे माझं नशीब.

"रोज?" मी विचारलं.

"रोजच की. पाव्हणं यायच्या आधी धुती." ती घासत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "काल नात आली. दात घासाया हितं उभी ऱ्हायली आन् भाहेर पळाली. म्हनली, आजी, हितं कुणी रगत ओकलंय?"

"दादाला सांगितलंस?"

"बावीस वर्सं झाली लग्नाला... न्हाय, चुकलं. बत्तीस. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

तिनं पाणी सोडलं. बेसिन पांढरं झालं. तरी मी अंगणातल्या नळावर तोंड धुतलं, आणि ते तिनं पाहिलं.

शेडमध्ये वहिनी सोडून बारा बायका जमल्या होत्या. शिवाय माझी चुलती. तिला लिहिता येत नाही, पण फुकटचा तमाशा तिनं आयुष्यात चुकवलेला नाही. मी पिशवीतून रंगीत कागद काढले, घसा साफ केला आणि घडी कशी घालावी यावर भाषण सुरू केलं. चौथ्या घडीला आले तर समोर बारा पुस्तिका तयार! मी विसरलेच होते. या बायका हंगामात दिवसभर द्राक्षाच्या घडांना रद्दीचे पेपर लावतात. ऊन लागू नये म्हणून घडाभोवती कागद गुंडाळायचा, वर चुणी घालायची, पिन मारायची, की पुढचा घड. त्यांच्या बोटांना कागद शिकवायला मी बारामतीहून आले होते.

"बाई, ह्यो रंगीत कागद लई गुळगुळीत हाय," एक म्हणाली. "रद्दी बरी, हाताला ऐकती."

तर मग लिहिण्यात मी यांना गाठीन, असं मनाशी म्हणत मी चिठ्ठ्यांचा डबा पुढं केला. पहिलीच चिठ्ठी निघाली: मी ढग असते तर. एकीनं पटकन लिहिलं, "मी ढग असते तर द्राक्षाच्या दिवसांत शेळगावात पाऊल टाकलं नसतं." मी टाळी वाजवली. तिथंच माती खाल्ली. टाळी ऐकून बाकीच्या अकराजणींनी तिच्या पुस्तिकेत डोकावलं आणि तेच वाक्य उतरवून काढलं. बारा ढग, बारा पावलं, एक शेळगाव. दुसरी चिठ्ठी माझ्या आवडत्या सहलीची होती. त्यावर सगळ्या एकाच देवीला जाऊन आल्या, एकाच गाडीतून, आणि सगळ्यांना एकाच ठिकाणी उलटी झाली. शाळेत मी हेच वाचते, वर्षानुवर्षं. निसर्गरम्य परिसर, आनंदी आनंद, अविस्मरणीय दिवस. गोडमिट्ट, चिकट, दुसऱ्याच्या तोंडून काढून आपल्या तोंडात घातलेला घास. मला त्याची शिसारी येते.

चिडून मी म्हणाले, "लिहिणं ठेवा बाजूला. मुखपृष्ठावर चित्रं चिकटवा." आणि खळीचा डबा उघडला.

खळ मी गुरुवारी शिजवली होती. गव्हाचं पीठ आणि पाणी. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून शनिवारभर ओट्यावर ठेवली होती, उन्हाच्या बाजूला, कारण मी हुशार आहे. झाकण फस्स करून उडालं. आत हिरवट फेस, वर करडी बुरशी, आणि वास म्हणाल तर आंबट, ओला, नाकातून थेट जिभेवर उतरणारा. बाराही पदर बाराही नाकांवर गेले.

"आगं बया बया! काय मेलंय?"

"आमच्या पाइपात घुस मेली व्हती, तिचा आसाच व्हता."

"तुज्या घुशीचं काय सांगती! आमच्या सासूचा मिसरीचा डबा हुंगलाईस का कधी?"

"दुधाच्या किटलीत झुरळ सापडल्यालं. ते बी आर्धं."

"आन् आर्धं कुठं गेलं गं?"

"तेच तर! डेरीत!"

बायका ओकारी काढत होत्या आणि हसत होत्या, एकीचं दुसरीसारखं एकही वाक्य नव्हतं. मी डबा बंद केला, पायाजवळ ठेवला, आणि माझ्या सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या. "नवीन कागद घ्या. विषय एकच. कशाची किळस येते? गोड एक अक्षर लिहायचं नाही."

शेडमध्ये अशी सामसूम मी परीक्षेतही पाहिलेली नाही. कुणी कुणाच्या पुस्तिकेत बघेना. उलट हातानं झाकून लिहायला लागल्या. चुलती म्हणाली, "मला लिव्हता येत न्हाय, पर माझं लई हाय." वहिनी कोपऱ्यात क्रेटवर बसली होती. ती लिहायची, थांबायची, पुन्हा लिहायची. अखेर माझ्याजवळ आली.

"नाव नसतं नव्हं?"

"नसतं."

"पर वाचलं गेलं तर? त्यांनाच उमगलं तर? मग मी त्या घरात कसं वावरायचं?"

"नको टांगूस मग," मी म्हणाले. "तुझ्याजवळच ठेव. लिहिलंस तेवढं पुरे."

ती तारेजवळ बराच वेळ उभी राहिली. मग चिमटा उघडला आणि पुस्तिका अगदी कडेला टांगली.

समारोपाचा पाहुणा दादा. शेड त्याचं, म्हणून पाहुणाही तोच. तो आला, गाल फुगलेला. सगळ्यांनी नमस्कार केले, त्यानं मानेनंच घेतले. मी म्हटलं, "दादा, एक पुस्तिका काढ आणि मोठ्यानं वाच." त्यानं तारेवर हात फिरवला, आणि कडेची सोपी म्हणून कडेचीच काढली. त्यानं पान उघडलं, तोंड उघडायला गेला, तेव्हा त्याला आठवलं की तोंडात जागा नाही. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. सगळीकडं बायका. मग त्यानं जे केलं, ते तो गेली बत्तीस वर्षं करत आला आहे. ताट असो, टॉवेल असो, भिजलेली छत्री असो, न बघता बाजूला हात करायचा. तिथं वहिनी असते. होतीच. त्यानं पुस्तिका तिच्या हातात दिली आणि बोटानं खूण केली, वाच.

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. ती "चष्मा न्हाय" म्हणू शकली असती, मी पुढं होऊन दुसरी काढू शकले असते. तिनं पदर खोचला आणि वाचायला लागली. एकेका पानाला थांबून.

"बेसिन.

आमच्या घरी पांढरं बेसिन हाय.

पाव्हण्यांना ते पांढरं दिसतं.

मी सकाळी देवाच्या आधी त्याचं तोंड बघती.

काल नात म्हनली, हितं कुणी रगत ओकलंय.

मी म्हनलं, आजोबा रंग खेळले.

धुवायचा कटाळा न्हाय.

तुमाला ते कधी दिसलंच न्हाय, ह्याची किळस येती."

तिसऱ्या पानाला दादाचं चघळणं थांबलं होतं. पाचव्याला त्याचे कान लाल झाले. बारा बायका, मी, चुलती, सगळ्यांचे डोळे त्याच्या फुगलेल्या गालावर. कुणी हसेना. वहिनीनं पुस्तिका मिटली आणि पहिल्यांदाच, खाली न बघता, त्याच्याकडं बघत राहिली. त्यानं दाराकडं पाहिलं. दारात चार जणी बसलेल्या. पायाजवळच्या माझ्या डब्याकडं पाहिलं, आणि मी डबा पायानं मागं सरकवला. मग त्यानं तिच्याकडं पाहिलं. त्याच्या गळ्यातली घाटी वर गेली, थांबली, खाली आली. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. गाल सपाट झाला.

तेवढ्यात माझी चुलती ओरडली:

"आगं बया, गिळलं की गं त्यानं!"