जुन्या पोलक्यावरून माप घ्यायचे नाही

माणूस नेमका कधी म्हातारा होतो? मी पदवीधर आहे, आमच्या घरातली पहिली. तरी या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. आपल्या महिला मंडळाकडे मात्र ते तयार आहे. आदरणीय शालिनीबाई तोरसकर यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून हा गौरव अंक निघतो आहे. अंकासाठी लेख मागणाऱ्या पत्रात ‘निरोप’ असा एक शब्द होता. मंडळाविषयी मला आदर आहे, पण तो शब्द मी या लेखात वापरणार नाही. का, ते पुढे येईलच.

बाईंची आणि माझी पहिली भेट घाटकोपरला, मंडळाच्या शिवणवर्गात झाली. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सकाळी कॉलेज आणि दुपारी शिवण, असे घरच्यांनी ठरवले होते. मी दारात उभी होते, तेव्हा आत एक पन्नाशीच्या बाई कागदात गुंडाळलेले जुने पोलके पुढे करत होत्या. वस्तीतल्या बायका आमच्या वर्गात कपडे शिवून घेतात आणि येताना अशी मापाची पोलकी आणतात. शालिनीबाईंनी ते बाजूला ठेवले आणि गळ्यातली टेप काढली. त्या बाई संकोचून म्हणाल्या, “यावरूनच घ्या ना. यात मी बारीक आहे.”

“त्यातली बाई गेली गावाला,” शालिनीबाई म्हणाल्या. “समोर उभी आहे तिचं शिवते मी.”

सगळ्या हसल्या, त्या बाईही हसल्या आणि हात वर करून उभ्या राहिल्या. जुन्या पोलक्यावरून माप घ्यायचे नाही, हा बाईंचा पहिला नियम. चाळिशीनंतर खांदे पुढे येतात, पाठ वाकते, म्हणून पाठीची उंची वेगळी आणि पुढची वेगळी मोजायची. एक खांदा उतरलेला असेल तर तो लपवायचा नाही, तसाच लिहायचा. मी हे सारे वहीत सुवाच्य अक्षरात उतरवले होते.

तरीही ती चूक मीच केली, आणि तीही माझ्या आईच्या बाबतीत.

मामेभावाच्या लग्नासाठी आईचे पोलके मी शिवायला घेतले. त्या वर्षी आई बदलली होती. क्षुल्लक कारणावरून चिडायची, मग एकटी रडायची. पंख्याखाली बसूनही घामाने भिजायची. तिचा स्वभाव बिघडला, असे आम्ही म्हणायचो. माप द्यायला ती तयार होईना, म्हणून मी तिचे तीन वर्षांपूर्वीचे पोलके घेतले आणि त्यावरून कापले. लग्नाच्या दिवशी आईचा उजवा हात बाहीत जाईना. तिचा खांदा धरला होता आणि हे तिने कुणाला सांगितले नव्हते. ओढताना मुंढ्यापाशी, बाही खांद्याला जोडतात तिथे, शिवण उसवली. डोके दुखते असे सांगून ती घरीच राहिली. एवढ्यासाठी काय रडायचे, असे मी तिला म्हणाले आणि लग्नाला निघून गेले. हे लिहिताना मला लाज वाटते.

सोमवारी शिवण सैल करायला मी ते पोलके वर्गात नेले. बाईंनी मुंढा हातात घेऊन विचारले, “माप कधीचं?” मी खरे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. वर्ग मोठ्या मुलींवर सोपवून माझ्याबरोबर निघाल्या. आमची खोली टेकडीवर आहे आणि बाईंचे गुडघे तेव्हाही दुखत. पायऱ्यांवर तीन वेळा थांबल्या, पण वर आल्या.

त्यांनी आईला माप घेता घेता झोपेचे विचारले, अंगातून निघणाऱ्या वाफांचे विचारले, पाळीचे विचारले. घरातली शिकलेली मुलगी असून यातले एकही मी कधी विचारले नव्हते. आई आमची मालवणकडची. ती हळूच म्हणाली, “माजा डोक्या फिरला काय ओ बाई?”

“डोकं जाग्यावर आहे,” बाई म्हणाल्या. “पाळी जाताना होतं असं. मलाही झालं होतं. वय पुढं सरकलं आणि घरात कुणी ध्यानात घेतलं नाही, एवढंच.” हे बोलताना त्या माझ्याकडे पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आईला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम सांगितला. बाईंनी कापडावर खुणा करायचा चपटा खडू आमच्या भिंतीवर टेकवला आणि आईची बोटे जिथवर पोचली तिथे रेघ ओढली. मग आठवड्याला एक रेघ. पावसाळा संपेपर्यंत रेघा डब्यांच्या फळीपर्यंत गेल्या. नवे पोलके बाईंनी पुढे हुकांचे आणि रुंद मुंढ्याचे बेतून दिले, शिवले मी.

बाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या, तेव्हाच माझे वडील उंबऱ्यावर बसलेले त्यांनी पाहिले. गिरणी बंद पडल्यापासून ते तिथेच बसत. कुणी ओळखीचे आले की पेपर तोंडासमोर धरत. बाईंनी निघताना त्यांना विचारले, की तुम्ही गिरणीत साचाखात्यात, मागावर होता ना, आमच्या मुलींना कापडाचा उभा धागा आणि आडवा धागा ओळखता येत नाही, शिकवाल का? वडील म्हणाले, “आता मला कोण विचारतंय?” बाई म्हणाल्या, “मी विचारतेय ना.” तेव्हापासून दर गुरुवारी ते इस्त्रीचा सदरा घालून वर्गात येतात. बोटांनी कापड चोळून डोळे मिटून सांगतात, आणि अजून एकदाही चुकलेले नाहीत.

आता ज्या गोष्टीवरून कुजबुज झाली, तीही सांगते. गेल्या गणपतीच्या आधी बाईंनी एका सभासद भगिनीच्या रेशमी कापडातून दोन्ही बाह्या एकाच, उजव्या हाताच्या कापल्या. बाईंना हल्ली कमी दिसते आणि हात थरथरतो. त्यांनी हे झाकले नाही. त्या भगिनींच्या घरी जाऊन सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी त्या बाह्या फळ्याला टाचणीने लावून आम्हाला सांगितले, “ही माझी चूक. हात थरथरतो, म्हणून यापुढे कात्री तुम्ही धरा. कुठं कापायचं ते मला अजून दिसतं.” त्या दिवसापासून खुणा बाई करतात, कापतो आम्ही, आणि कात्री लावण्यापूर्वी दुसरीने दोन्ही बाह्यांच्या खुणा, एक उजवी आणि एक डावी, पडताळून पाहायच्या असा रिवाज पडला. अशी चूक आम्ही मुली पूर्वी कितीदा करत होतो! त्यानंतर वर्गात एकही बाही चुकलेली नाही.

पण मंडळाच्या बैठकीत बाह्यांची आठवण निघाली, रिवाजाची निघाली नाही. बाई आता थकल्या, असे ठरले. सत्कार करावा, ‘सल्लागार’ म्हणावे, आणि वर्ग माझ्याकडे द्यावा. मला पत्र मिळाले. ‘मुख्य शिक्षिका’ या शब्दांपुढे टंकलेले माझे नाव मी पुन्हा पुन्हा वाचले आणि अध्यक्षाबाईंना हो म्हणून आले. घरी पत्र वाचून दाखवले. आई तेव्हा फळीवरचा डबा काढत होती, उजव्या हाताने. तिने एकच विचारले, “बाईंका कोणी इचारल्यान काय?”

कुणी विचारले नव्हते. मीही नाही. मी पुन्हा जुन्या पोलक्यावरून कापायला निघाले होते. खरे तर या वेळी समोर पोलकेही नव्हते, नुसता अंदाज होता.

मी बाईंकडे गेले. त्यांना सत्काराचे ठाऊक होते, पत्राचे नव्हते. वाचून त्यांनी ते घडी घालून मला परत दिले. “साठ झाली हे खरं. दिसतं कमी हेही खरं. थकले हे कुणी मोजलं?” मग जरा हसून म्हणाल्या, “शाल घेईन. नारळही घेईन, सोमवारी वर्गात त्याची चटणी करू. आणि हे बघ, एक दिवस मला वर्ग झेपणार नाही. तो मी सांगेन. तुला आधी कळलं तर तू सांग, तोंडावर सांग. मला वाईट वाटेल, पण चालेल. मला न विचारता पत्रं नका काढू गं.”

वयाबरोबर शरीर बदलते, मन बदलते, लोकांच्या नजरा बदलतात, हे मी बाईंकडूनच शिकले. बदल नाकारा असे त्या कधीच म्हणत नाहीत. समोर उभे राहून मोजा आणि मग बेता, एवढेच म्हणतात. माझ्या वडिलांना गिरणीच्या दाराशी कुणी मोजले नाही. आईला मी मोजले नाही. बाईंच्या बाबतीत तरी आपण शहाणे होऊ या, अशी सर्व सभासद भगिनींना माझी विनंती आहे. बाईंचे गुडघे चालते राहोत, डोळ्यांत आहे तेवढा उजेड टिको, आणि त्यांच्या खडूच्या खुणांवर कात्री चालवणाऱ्या आणखी कितीतरी तुकड्या त्यांच्यासमोर बसोत.

माझे नेमणुकीचे पत्र मी मंगळवारी अध्यक्षाबाईंच्या हातात परत दिले आहे. नव्या तुकडीचे प्रवेश अर्ज तयार करून वाटण्याचे काम माझ्याकडे होते. प्रत्येक अर्जावर ‘मुख्य शिक्षिका’ या ओळीपुढे मी ‘सौ. शालिनी तोरसकर’ असे लिहिले आणि त्याखाली ‘साहाय्यक’ म्हणून माझे नाव. अर्ज वाटून झाले आहेत.